रणात पक्षी बघायला जाताय? मग ट्रेकिंगची सवय घरी ठेवून या

पहिल्यांदा जैसलमेरला गेलो तेव्हा आम्ही चौघं होतो, चौघंही सह्याद्रीत वाढलेले, म्हणजे पहाटे पाचला हेडटॉर्च लावून निघायचं, नऊच्या आत माथा गाठायचा, वर बसून धपाटे खायचे नि उतरायला लागायचं, ही सवय हाडात मुरलेली. तिकडच्या माळावरही आम्ही तेच केलं. सकाळभरात अकरा किलोमीटर चाललो, आणि वहीत पक्षी किती, तर सतरा. त्यातही होले, साळुंक्या, चिमण्या धरून. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाचा गुडघा बोलायला लागला म्हणून तो गावाबाहेरच्या गुरांच्या हौदापासून थोडा लांब केर नावाच्या एका काटेरी झुडपाआड बसून राहिला, आम्ही तिघं पुन्हा दहा किलोमीटर तुडवून आलो, आणि साहेबांच्या वहीत एकोणतीस जाती! वर पखुर्ड्यांचे (कबुतरासारखे दिसणारे माळावरचे पक्षी) थवे पाणी प्यायला आले त्याचे फोटो. आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही.

त्यानंतर अजून तीन वेळा गेलोय आणि आता जे काही कळलंय ते इथं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडून जाणारे बरेच जण तीच चूक करतात. इथं माथा नाही, गाठायचं काही नाही, आणि जितकं जास्त चालाल तितके पक्षी कमी दिसतात.

आधी जागा समजून घ्या

डेझर्ट नॅशनल पार्क म्हणजे जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेला ३१६२ चौरस किलोमीटरचा टापू, १९८० साली जाहीर झालेला. नावात नॅशनल पार्क आहे पण कागदोपत्री हे अभयारण्य आहे, आणि त्यामुळे आत कितीतरी गावं, ढाण्या (वस्त्या), शेतं, मेंढ्यांचे कळप असं सगळं आहे. ताडोबासारखं एक गेट, एक जिप्सी आणि सहा वाजता आत असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. वनविभागाने काही तुकडे तार लावून बंद केलेत, त्यातला सुदासरी हा पक्षीवाल्यांना माहीत असलेला, जैसलमेरपासून गाडीने तास-सव्वा तास. अशा बंदिस्त भागात परवाना लागतो आणि ठरलेल्या वाटेवरूनच, सांगतील तसंच फिरायचं असतं. पायी भटकंती करायची ती बाहेर, गावांच्या गायरानात, ओरणात (ओरण म्हणजे आपल्या देवराईचाच वाळवंटी भाऊ) आणि खडिनांच्या (पावसाचं पाणी अडवून केलेल्या शेतांच्या) कडेने.

दुसरं म्हणजे वाळूच्या टेकड्या. वाळवंट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर समचे धोरे येतात, उंट, सूर्यास्त वगैरे. पण अख्ख्या पार्कात धोरे काही भागातच, बाकी सगळा सपाट माळ, कुठे सेवण गवत, कुठे खडेमुरूम, कुठे खडकाळ पठार. आणि पक्षी बहुतेक करून याच सपाटीवर. समच्या टेकड्यांवर मी कधी अर्ध्या तासापेक्षा जास्त घालवलेला नाही, तिथं जीपवाले नि उंटवाले यांच्या गर्दीत पक्षी काय बघणार, आणि संध्याकाळी तंबूंमध्ये डीजे सुरू झाला की घुबडसुद्धा पळून जाईल. राहायचंच असेल तर खुडी बाजूला बघा, तिथं जरा निवांत आहे, किंवा सरळ जैसलमेर गावात राहा.

सोलापूरजवळचं नान्नज किंवा पुण्याजवळचा सासवडचा माळ ज्यांनी पाहिलाय त्यांना इथं पाचच मिनिटांत घरच्यासारखं वाटेल. तोच कोरडा वास, तसंच पिवळं गवत, फक्त सगळं दहापट मोठं आणि मध्ये बाभळीऐवजी खेजडी (आपली शमी हो, दसऱ्याला पूजतो ती).

कधी जायचं, कसं पोचायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, बस. ऑक्टोबरला पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात पण दुपार भाजून काढते, मार्चमध्ये पुन्हा तेच. एप्रिलनंतर पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पक्षी राहू द्या, तुम्ही टिकणार नाही. पावसाळा हा माळढोकाच्या विणीचा काळ, तेव्हा जाऊन त्यांना छळू नका. ख्रिसमस ते नवीन वर्ष हा आठवडा टाळा आणि फेब्रुवारीच्या आसपास मरू महोत्सव असतो ते दिवसही टाळा, खोल्यांचे भाव बघून चक्कर येईल.

मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून जैसलमेरला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे, ती जुळली तर उत्तम. नाहीतर जोधपूर गाठा आणि तिथून रस्त्याने साधारण २८० किलोमीटर, रेल्वेही आहे. मी रस्ताच पसंत करतो कारण वाटेत तारांवर, खांबांवर बसलेले शिकारी पक्षी बघत बघत जाता येतं आणि फलोदीमार्गे गेलं तर खीचन वाटेत येतं, त्याबद्दल शेवटी सांगतो.

गाडी आणि माणूस यात कंजूषी करू नका. पक्ष्यांची माहिती असलेला स्थानिक माणूस मिळाला तर दोन दिवसांचे पैसे एका दिवसात वसूल होतात, आणि तो गावात ओळखीचा असल्यामुळे कुणी हटकत नाही. परवान्याचं हॉटेलवाल्याच्या तोंडी भरवशावर सोडू नका, पोचल्या दिवशीच जैसलमेरच्या वन्यजीव विभागाच्या ऑफिसात जाऊन विचारा की सध्या कुठला भाग उघडा आहे, पायी कुठं चालेल, फी किती. नियम बदलत असतात. ओळखपत्राच्या झेरॉक्स चार-पाच जवळ ठेवा, सीमेचा जिल्हा आहे, कुठंही मागतात. ड्रोन घरी. आणि कुठंही 'फायरिंग रेंज' असा बोर्ड दिसला की त्या बाजूला पाऊलही नको, मग पलीकडे कितीही भारी पक्षी बसलेला असो.

सामान

दुर्बीण ८x४२. दहाची घेऊ नका असं नाही, पण वाऱ्यात हात हलतो आणि सपाटीवर आधार घ्यायला झाड नसतं. स्पॉटिंग स्कोप ज्याच्याकडे असेल त्याला चहा पाजून सोबत न्या, इथं अर्धा किलोमीटर लांबचा पक्षी ही रोजची गोष्ट आहे. कॅमेऱ्याची लेन्स उघड्यावर बदलायची नाही, म्हणजे नाहीच, ही वाळू पिठासारखी बारीक असते आणि सेन्सरवर बसली की दुरुस्तीवाल्याची दिवाळी. दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक ब्लोअर ठेवा.

कपडे थरांचे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार-पाच डिग्री असतं आणि दुपारी बारा वाजता टी-शर्टवर याल. कानटोपी, हातमोजे लाजू नका. रंग मातकट, गवतासारखा. पांढरा टी-शर्ट घालून सपाट माळावर उभं राहणं म्हणजे बँड लावून वरात काढण्यासारखं आहे. मोठ्या काठाची टोपी आणि एक सुती पंचा, तो पंचा ऊन, वारा, वाळू, बसायला, लेन्स झाकायला, सगळ्याला चालतो.

आता मोज्यांबद्दल जरा जास्त लिहितो कारण हे कुणीच सांगत नाही. तिकडं भुरट नावाचं एक गवत आहे, त्याची काटेरी बोंडं कापडाला अशी चिकटतात की आपली कुसळं त्यापुढे साधूसंत. लोकरीचे किंवा टॉवेलसारखे मोजे घातलेत तर अर्ध्या तासात पायाला साळिंदर बांधल्यासारखं होईल, आणि हाताने काढायला गेलात की बोटात बारीक काटे मोडतात. घोट्याच्या वर येणारे बूट, वरून गुळगुळीत कापडाचे गेटर किंवा चक्क जुन्या रेनकोटचं कापड कापून बांधा, आणि खिशात एक फणी ठेवा. फणीने खसाखस निघतात. हे मला एका मेंढपाळ काकांनी शिकवलं, माझी अवस्था बघून आधी पोटभर हसले ते वेगळं.

पाणी माणशी चार लिटर, त्यातलं दोन पाठीवर, दोन गाडीत. थंडी आहे म्हणून तहान लागत नाही आणि मग दुपारी डोकं ठणकायला लागतं. ओआरएस, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. दुपारचं जेवण शक्य असेल तर ढाणीवर सांगून ठेवा, बाजरीचा सोगरा (जाडसर भाकरी), केर-सांगरीची भाजी, ताक. पैसे विचारून व्यवस्थित द्या, पाहुणचार म्हणून फुकट खाऊन येऊ नका.

फोनमध्ये मॅप ऑफलाइन उतरवून घ्या आणि पक्ष्यांचं ॲप असेल तर त्याचा प्रादेशिक पॅकही, कारण आत गेलं की नेटवर्क येतं-जातं.

सकाळचं वेळापत्रक

जैसलमेर आपल्यापेक्षा पश्चिमेला आहे हे लक्षात ठेवा. जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे पहाटे पाचला उठून काळोखात कुडकुडायची गरज नाही, पण सात वाजता माळावर हजर पाहिजे.

सात ते साडेआठ, या वेळात फक्त एक ते दीड किलोमीटर चाला. हो, इतकंच. गाडी रस्त्यावर सोडा आणि पश्चिमेकडे तोंड करून चालायला लागा म्हणजे सूर्य पाठीवर राहतो आणि समोरचा पक्षी उजेडात दिसतो. उलट गेलात तर सगळे पक्षी काळे ठिपके. शंभर पावलं चालायचं, थांबायचं. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल शोधा, मग दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे सावकाश, आधी जवळचा पट्टा, मग मधला, मग क्षितिजाजवळचा. प्रत्येक झुडपाचा शेंडा, प्रत्येक दगड, प्रत्येक मातीचं ढेकूळ. माळावरचे निम्मे पक्षी ढेकूळच असतात आणि निम्मी ढेकळं पक्षी, हा खेळ आहे. आपण चालत असताना ते दबून बसतात, आपण पाच मिनिटं पुतळा झालो की मग हलायला लागतात. म्हणून थांबणं निदान पाच मिनिटांचं हवं, आणि जमलं तर बसा, उभ्या माणसाला सगळे घाबरतात, बसलेल्याला विसरतात.

पायाखाली बघून पाऊल टाका. उंदरांची बिळं इतकी असतात की जमीन पोकळ झालेली असते, घोटा मुरगळतो. शिवाय त्याच बिळांच्या आसपास व्हीटइयर (गप्पीदासासारखे छोटे पक्षी) घुटमळतात आणि दुपारी ऊन चढलं की सांडा (काटेरी शेपटीची सरड्यासारखी घोरपड म्हणा हवं तर) बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतो, आणि सांडा जिथं तिथं आकाशात लग्गड ससाणा. ही साखळी लक्षात ठेवली तर कुठं थांबायचं ते आपोआप कळतं.

साडेआठ ते साडेदहा, पाण्यावर बसा. रणात पक्षी बघण्याचं सगळ्यात मोठं गुपित जर काही असेल तर ते हेच, आणि आमच्या गुडघेदुखीवाल्याने ते नकळत शोधलं. गावाबाहेर गुरांसाठी बांधलेली खेळी म्हणजे लांबट हौद, छोटं तळं म्हणजे नाडी, यांच्यापासून निदान चाळीस-पन्नास पावलं लांब, झुडपाआड, वारा आणि सूर्य बघून बसा. हौदाला चिकटून बसलात तर पक्षी घिरट्या घालून तहानलेले परत जातील, आणि गुरंही बुजतील, मग गुराखी तुम्हाला काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही.

ऊन जरा तापलं की पखुर्ड्या यायला लागतात. आधी आवाज येतो, उडताना गुटर-गुटर बोलत येतात, मग दहा-वीसचा थवा वरून एक चक्कर मारतो, थोडा लांब उतरतो, माना वर करून बघतो आणि मग तुरुतुरु चालत पाण्याशी. पिणं काही सेकंदांचं. आपल्या माळावर दिसते ती तपकिरी पोटाची पखुर्डी इथं भरपूर, पण हिवाळ्यात ठिपकेवाली पखुर्डीही येते, तिच्या गळ्याचा पिवळा-केशरी रंग उन्हात काय चमकतो! शेपटीच्या मधल्या पिसांची टोकदार सुई दोघींनाही असते म्हणून त्यावर जाऊ नका, पोट बघा. यांचे नर विणीच्या काळात पोटाची पिसं पाण्यात भिजवून मैलोन्‌मैल लांबच्या पिल्लांना पाणी नेऊन देतात, त्या पिसांची रचनाच स्पंजसारखी असते. त्याच हौदावर ट्रम्पेटर फिंच, गुलाबी झाक असलेली जाड चोचीची चिमणी समजा, जत्रेतल्या पिपाणीसारखा नाकातून आवाज काढत येते. त्यांचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

साडेदहानंतर जमिनीवरून झळा उठायला लागतात आणि दुर्बिणीतला पक्षी पाण्यात हलल्यासारखा दिसतो. तेव्हा ओळखीवरून भांडू नका, आता डोकं वर करा. तापल्या हवेवर गिधाडं आणि गरुड चढायला लागलेत, अकरा ते एक हा त्यांचा वेळ. दुपारी झोप. पुन्हा चार ते सूर्यास्त, आणि या वेळी उलटं, पूर्वेकडे तोंड करून चालायचं.

कोण कोण दिसतं आणि ओळखायचं कसं

सगळी यादी देत बसत नाही, जिथं नवीन माणूस गडबडतो तेवढंच.

व्हीटइयर. पहिल्या दिवशी हे सगळे एकसारखे मातकट दिसतात आणि माणूस रडकुंडीला येतो. चेहरा सोडा, शेपटी बघा, उडेल तेव्हा. शेपटी जवळपास मुळापर्यंत काळी असेल तर डेझर्ट व्हीटइयर. टोकाला रुंद काळा पट्टा, वर पांढरं, आणि पक्षी छाती काढून ताठ उभा राहणारा असेल तर इझाबेलाइन. पांढऱ्या शेपटीवर उलटा काळा टी असेल आणि नर काळा-पांढरा ठसठशीत असेल तर व्हेरिएबल, हा ढाणीच्या भिंतींवर, दगडी कुंपणावर हमखास.

चंडोलांमध्ये तुरेवाला चंडोल आणि काळ्या टोपीचा स्पॅरो-लार्क पायलीला पन्नास. पण खरा हिरो हूपू लार्क. जमिनीवर असताना लांब पायांचा, वाकड्या लांब चोचीचा फिकट पक्षी, तुरुतुरु धावतो, थांबतो, चोचीने वाळू खणतो, काही विशेष नाही. आणि मग उडतो, आणि पंखावर काळे-पांढरे पट्टे असे फाडकन उघडतात की ओरडूच आलं तोंडातून. फेब्रुवारीच्या अखेरीस नशीब असेल तर शीळ घालत सरळ वर चढून खाली झेपावताना दिसतो. उघड्या, जवळजवळ गवत नसलेल्या सपाटीवर शोधा, झुडपांत नाही.

क्रीम-कलर्ड कोर्सर म्हणजे आपल्या धाविकाचा वाळूच्या रंगाचा चुलतभाऊ. दहा पावलं पळतो नि थिजतो. थिजला की गायब. नजर हलवू नका, पुन्हा पळेलच. उडाला की पंखाची खालची बाजू काळीभोर दिसते.

स्टोलिझ्का बुशचॅट, पांढऱ्या भुवईचा, यासाठी जगभरातून लोक येतात कारण वायव्य भारत आणि लगतचा पाकिस्तान सोडून हा फारसा कुठं दिसत नाही. गप्पीदासासारखा झुडपाच्या शेंड्यावर बसतो पण जमिनीवर उतरून खातो, आणि उतरल्यावर छाती फुगवून इकडून तिकडे डुलतो, एखादा पहिलवान आखाड्यात उतरल्यासारखा. गवत आणि बुटकी झुडपं मिसळलेली जागा बघा. त्याच झुडपांच्या बुडाशी उंदरासारखं काहीतरी सुर्रकन पळालं तर उंदीर म्हणून सोडू नका, पिवळ्या डोळ्यांचा डेझर्ट वॉर्बलर असू शकतो.

गरुडांसाठी एकच युक्ती. टॉनी आणि स्टेप यात गोंधळ होतो तेव्हा तोंडाची पिवळी रेघ बघा, डोळ्याच्या मध्यापर्यंत संपली तर टॉनी, डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेली तर स्टेप. अर्थात पक्षी बसलेला आणि जवळ हवा. लांब पायाचा बझर्ड इथं खांबाखांबावर असतो, त्याची शेपटी फिकट केशरी, बिनपट्ट्यांची. मेलेलं जनावर दिसलं तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला गाडी लावून (नाहीतर जेवण जाणार नाही) गाडीतूनच बघा, युरेशियन ग्रिफन, पांढरं गिधाड, राजगिधाड, आणि हिवाळ्यात काळं सिनेरियस, एकाच ठिकाणी चार जाती मी पाहिल्यात.

आणि माळढोक. तिकडं गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आपल्याकडे नान्नजला १९७९ साली याच्यासाठी अभयारण्य झालं आणि आज तिथं माळढोक दिसणं म्हणजे लॉटरी, त्यामुळे मराठी माणूस इथं येतो तो थोडा ओशाळलेलाच येतो, निदान मी तरी. देशात सगळे मिळून दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरलेत, त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून हा पक्षी पायी जाऊन बघायचा नाही, हे ठाम सांगतो. वाटेवर गाडीत बसून, काच खाली करून, लांबूनच. तो मान वर करून तुमच्याकडे बघत उलट दिशेला चालायला लागला म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आहात, मागे व्हा. लांबून कसा ओळखायचा तर गवतात एक पांढरा खुंटा चालताना दिसतो, वर काळी टोपी, माणसाच्या कमरेएवढी उंची. उडाला की एवढं धूड कसं काय उचललं जातं असं वाटतं, मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याला सरळ समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो, आणि तिकडं आता पवनचक्क्या नि सोलरच्या तारांचं जाळं आहे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. २०१९ पासून समला अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्रही चालू आहे, पण ते बघायला मिळत नाही, मिळूही नये. फोटो मिळालाच तर नेमकी जागा कुठंही टाकू नका, आणि कॉल वाजवणं हा प्रकार कुठल्याच पक्ष्यासाठी करू नका.

हिवाळ्यात त्याचा मध्य आशियातून येणारा लहान भाऊ मॅकवीन्स बस्टर्डही असतो, स्थानिक लोक तिलोर म्हणतात. तो झुडपाआड असा दबून बसतो की ड्रायव्हरने बोट दाखवूनही मला दोन मिनिटं दिसला नव्हता.

खडीन विसरू नका

बहुतेकांचं इथं दुर्लक्ष होतं. खडीन म्हणजे उताराच्या खाली लांब मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि ते जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी बसवलेली पद्धत. चहूकडे कोरडं असताना मध्येच हिरवा तुकडा, मग पक्षी जाणार कुठं? तीरचिमण्या, चंडोल, भोवत्ये, कधी करकोचे. बांधावरून हळू चाला, पिकात शिरू नका, आणि शेतकरी दिसला की आधी 'राम राम सा' म्हणा, मग दुर्बीण काढा. त्यांना दुर्बिणीतून बघायला द्या, मग तेच सांगतात की कुरजां (कांड्या करकोचे) काल कुठं उतरल्या होत्या.

जपायचं काय

वाट चुकणं ही खरी भीती आहे. सपाटीवर सगळ्या दिशा सारख्या आणि वारा सुटला की आपलीच पावलं पुसली जातात. गाडी सोडताना फोनवर पिन टाका आणि एखादी ठळक खूण, खेजडी, टाकी, टॉवर, बघून ठेवा. एकटं जाऊ नका. फुरसं आहे, हिवाळ्यात कमी फिरतं पण उन्हाला येतं, म्हणून झुडपाखाली बसण्याआधी काठीने ठोका. तिकडच्या क्रेटला (मण्यारीला) पीवणा म्हणतात आणि तो झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन मारतो अशी गोष्ट रात्री शेकोटीपाशी हमखास ऐकायला मिळते, गोष्ट ऐका पण जमिनीवर झोपू नका, कारण चावतो हे खरंच आहे आणि चावलेलं कळतही नाही. सापांपेक्षा मला तरी कुत्र्यांची जास्त धास्ती वाटते, कळपाची राखण करणारी आणि मोकाट दोन्ही. पळायचं नाही, काठी हातात, गुराख्याला हाक.

परत येताना खीचन

फलोदीजवळचं हे गाव, कांड्या करकोच्यांसाठी. सप्टेंबरच्या सुमारास येतात, मार्चपर्यंत राहतात, आणि गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दाणे घालतात, कुंपण घातलेलं चुग्गाघरच आहे. २०२५ मध्ये हे रामसर यादीत गेलं. आदल्या रात्री फलोदीला मुक्काम करा आणि उजाडायच्या आत चुग्गाघराशेजारच्या एखाद्या घराच्या गच्चीवर परवानगी काढून बसा. आधी लांबून कुर्र-कुर्र आवाज, मग रांगा, मग आकाशच भरतं, हजारोंनी. अंगणात उतरताना एकमेकांना जागा देत, भांडत, कुत्रं भुंकलं की सगळे एकदम वर. नऊ-साडेनऊपर्यंत पांगतात, दुपारी गावाबाहेरच्या तळ्यांवर पाय बुडवून उभे असतात, तिथं बांधावर बसून अगदी जवळून दिसतात. इथं मात्र चालायची काडीचीही गरज नाही, त्यामुळे तुमच्यात कुणाचे आई-बाबा असतील तर त्यांना जैसलमेरच्या माळावर दमवण्यापेक्षा इथं दोन सकाळी द्या. गच्चीवर चहा मिळतो, सोबत शाल मात्र न्या.